सातवं नाव

(युवा शिबिरात कोल्हापूर जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला सांगितलं होतं, 'कॉलेजमधलं जीवन आणि आसपासच्या घडामोडी' यावर बोल. मी चार पानं लिहून काढली आणि अब्बांना वाचून दाखवली. त्यांनी गादी शिवता शिवता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे पेपरात येतं तसंच आहे गं. यात तुझं काय आहे?" म्हणून ती पानं घरी ठेवून आलेय. आठवेल तसं बोलते. मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव हातकणंगले तालुक्यात, कॉलेज कोल्हापुरात, मधे एसटी. एफवायला पहिल्या दिवशी सरांनी हजेरी घेतली तेव्हा एकशे वीस नावं होती. त्यातली आमची सहा. हो, मी मोजली. तुम्हीपण मोजता, हसू नका. नव्या वर्गात गेलं की आपले कान आपोआप मोजतात. शेख, मुल्ला, बागवान, जमादार, पुन्हा शेख, आणि मी नदाफ. सरांनी माझं नाव 'नदीम' असं वाचलं. मी "हजर" म्हटलं. दुरुस्त करायचं धाडस दुसऱ्या सेमिस्टरला आलं.

आज टीवायच्या हजेरीपटावर त्या सहातली तीन नावं उरलीत. एका मुलीचं लग्न झालं, ती इचलकरंजीला गेली. एक मुलगा पहिल्याच सेमिस्टरला दोन विषयांत राहिला आणि मामाच्या गॅरेजमध्ये बसू लागला. तिसऱ्याची फी थकली, त्याचं पुढं काय झालं ते मी सांगणार आहे. पण मला आज खरं बोलायचंय ते सातव्या नावाबद्दल. ते हजेरीपटावर आलंच नाही.

ती माझी मैत्रीण. पहिलीपासून एका बाकावर. २५ मे २०२३ ला बारावीचा निकाल लागला. मला ७१ टक्के, तिला ८३. माझ्यापेक्षा ती हुशार हे सगळ्या गावाला माहीत होतं, माझ्या अम्मीलासुद्धा, आणि अम्मी ते रोज बोलूनही दाखवायची. आमचं ठरलं होतं की दोघींनी एकाच कॉलेजात बीएस्सीला जायचं, तिनं पुढं फार्मसीचं बघायचं. बुधवारी कागद घेऊन कोल्हापूरला जायचं. तो बुधवार म्हणजे ७ जून २०२३.

कोल्हापूरकरांना ती तारीख सांगावी लागत नाही. तुमच्यातल्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आदल्या दिवशी शिवराज्याभिषेक दिन होता. काही पोरांनी मोबाइलवर आक्षेपार्ह स्टेटस ठेवली म्हणून तणाव झाला. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला, मोठा जमाव जमला, दगडफेक झाली, दुकानं फुटली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. इंटरनेट बंद केलं. आम्ही दोघी सकाळी स्टँडवर उभ्या होतो, फाइल छातीशी धरून. कंडक्टर म्हणाले, "पोरींनो, आज घरी जावा. गाडी पुढं जाईल का नाही माहीत नाही." आम्ही परत आलो. इंटरनेट नाही म्हणजे ऑनलाइन फॉर्म पण नाही.

इथं मी एक बोलणार आहे, काहींना आवडणार नाही. औरंगजेब आपला कोण लागतो? माझे पणजोबा गावोगाव धनुकली घेऊन फिरायचे, लोकांच्या दारात बसून कापूस पिंजायचे. आमच्या घराला कुठल्या बादशहानं जहागीर दिली नाही. कुणीतरी चिडवतं म्हणून आपण त्याचा फोटो लावायचा आणि मग आख्ख्या गल्लीनं शटर ओढून बसायचं, यात मर्दानगी नाही, खुळेपणा आहे. पण दुसरी बाजूपण तितक्याच मोठ्या आवाजात सांगायला पाहिजे. एका पोरानं मोबाइलवर काय ठेवलं म्हणून दुसऱ्याच माणसाचं दुकान का फुटावं? त्या पोराचं काय ते पोलीस बघतील, कोर्ट बघेल. फळांच्या गाड्यावरच्या चाचांकडे तर साधा बटणाचा फोन असतो.

आठ दिवसांनी सगळं शांत झालं. म्हणजे दिसायला. माझ्या घरी चर्चा झाली. अब्बा गप्प होते. दादी म्हणाली, बारावी झाली, पुष्कळ झालं. अम्मी सातवी शिकलेली आहे. तिनं कुणाशी वाद घातला नाही. फक्त म्हणाली, "मी जाते तिच्यासंगं." आणि खरंच आली. पहिले पंधरा दिवस अम्मी माझ्याबरोबर एसटीनं यायची. मी वर्गात, आणि ती गेटसमोरच्या झाडाखाली बसून गोधडीला टाके घालायची. बायकांना तिकीट अर्धं झालं होतं त्याच वर्षी मार्चमध्ये, त्यामुळं ते परवडलं. पंधरा दिवसांत एक गोधडी पूर्ण झाली. ती आमच्या भूगोलाच्या मॅडमनी विकत घेतली. सोळाव्या दिवशी अम्मी म्हणाली, "आता तू जा, इथं काय कोण खात नाही."

माझ्या मैत्रिणीच्या अम्मीला असं येता आलं नसतं. घरात दोन लहान भाऊ, अंथरुणाला खिळलेली सासू. तिचे अब्बा फळांचा गाडा लावतात. ते म्हणाले, "माहौल खराब आहे. आणि पैसा पण नाही. एक वर्ष थांब." मला वाटलं, एकच वर्ष तर आहे.

आता कॉलेजबद्दल. बाहेर लोकांना वाटतं, कॉलेजात आमचा रोज छळ होत असेल. तसं काही नाही. डबा सगळे मिळून खातात. माझ्या डब्यातला खिमा संपवण्यात पहिला नंबर कुणाचा असतो हे मी सांगितलं तर त्या मुलीच्या घरी महाभारत होईल. शुक्रवारी एकच्या प्रॅक्टिकलला मुलांची नमाज चुकायची. आमच्यातल्या एकानं तीन महिने न सांगता दांड्या मारल्या. शेवटी सरांनी बोलावून विचारलं, तेव्हा कारण कळलं. सर म्हणाले, "अरे, मग आधी बोलला का नाहीस? बॅच बदलून घे." दोन मिनिटांचं काम. तीन महिने आपण मनातल्या मनात सरांना शत्रू ठरवून बसलो होतो.

पण सगळं इतकं सोपं पण नाही. स्कार्फचंच बघा. कोल्हापुरात दुपारी गाडीवरून जाणारी प्रत्येक पोरगी तोंडाला स्कार्फ, हातात मोजे, अंगात सनकोट घालून असते. फक्त डोळे दिसतात. त्यांना कुणी विचारत नाही. मी वर्गात डोक्यावर ओढणी घेतली की, "घरच्यांनी सक्ती केलीय का गं?" आणि नाही घेतली तर गल्लीत विचारतात, "कॉलेजात गेल्यापास्नं सोडलीस का गं?" माझ्या डोक्यावर नक्की कुणाकुणाचा हक्क आहे, याची एकदा मोजणी करून घ्यायला पाहिजे.

आणि ते वाक्य तर तुम्हा सगळ्यांना पाठ असेल. वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. बक्षीस देताना पाहुणे म्हणाले, "तुझं मराठी किती छान आहे!" मी म्हटलं, "सर, तुमचंपण छान आहे." ते हसले. त्यांना काय झालं ते कळलं नाही, पण मागच्या बाकावरच्यांना कळलं. आमच्या घरात आम्ही दखनी बोलतो, दारात मराठी बोलतो, आणि हिशोब आणि भांडण दोन्ही मराठीतच करतो. अब्बांना उर्दू वाचता येत नाही. 'सकाळ' आला नाही तर त्यांचा चहा घशाखाली उतरत नाही. पाहुणे वाईट नव्हते. त्यांनी आयुष्यात मराठी बोलणारा मुसलमान जवळून पाहिला नसेल, एवढंच. का पाहिला नसेल, तर एकशे वीसमध्ये सहा, आणि तिसऱ्या वर्षी तीन. आपण तिथं असतोच किती?

देशाचा आकडा सांगते. केंद्र सरकारचं उच्च शिक्षणाचं सर्वेक्षण असतं. २०१९-२० मध्ये कॉलेजात शिकणाऱ्या शंभरातले साडेपाच मुस्लिम होते. २०२०-२१ मध्ये ४.६. लोकसंख्येत आपण २०११ च्या जनगणनेप्रमाणे १४.२ टक्के. ते कोरोनाचं वर्ष होतं हे खरं. पण कोरोना सगळ्यांनाच आला होता.

आता त्या थकलेल्या फीच्या मुलाकडे येते, कारण तिथूनच आमचं काम सुरू झालं. तो बागवान. फॉर्मवर त्यानं प्रवर्गाच्या रकान्यात 'खुला' लिहिलं होतं. मी पण तेच लिहिलं होतं. का, तर आमच्या दोघांच्या डोक्यात एकच होतं की मुसलमानांचं आरक्षण गेलं. २०१४ मध्ये राज्य सरकारनं मुस्लिमांना पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला होता, हायकोर्टानं त्यातलं शिक्षणाचं थांबवलं नव्हतं, पण त्याचा कायदा झाला नाही आणि तो संपला. ते आम्ही घरोघरी ऐकलंय. पण बागवान, पिंजारी, तांबोळी, मोमीन या जाती ओबीसीत आहेत, ते धर्माचं नाही तर जातीचं आरक्षण आहे, आणि ते चालू आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. यासाठी आपल्याच माणसांनी महाराष्ट्रभर सभा घेतल्या होत्या, दिलीपकुमारसारखा माणूस त्यात फिरला होता, डिसेंबर १९९४ चा शासननिर्णय त्यातून आला. आमच्या जन्माच्या आधी ही सगळी लढाई लढून झाली होती आणि आम्ही रकान्यात 'खुला' लिहीत होतो.

आता गंमत ऐका. हे मला सांगितलं कुणी, तर वर्गातल्या एका मराठा मुलानं. २०२३ च्या हिवाळ्यात त्यांच्या घरी एकच विषय होता, कुणबी नोंद. शिंदे समिती नेमली होती, गावोगाव जुनी दप्तरं काढली जात होती. तो वडिलांबरोबर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये, शाळांमध्ये, तलाठ्याकडे हिंडून हिंडून पक्का झाला होता. कुठल्या रजिस्टरला काय म्हणतात, नक्कल मिळायला किती दिवस लागतात, कुठला क्लार्क जेवायच्या आधी बरा बोलतो, सगळं त्याला तोंडपाठ. एकदा कँटीनमध्ये तो मला म्हणाला, "तू नदाफ म्हणजे पिंजारी ना? मग तू ओपनला काय करतेस?"

मी घरी जाऊन दादाजींचा शाळेचा दाखला काढला. जातीच्या रकान्यात लिहिलेलं, 'मुसलमान'. पुढं काही नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी असाच दाखला निघेल. मास्तरनं विचारलं नाही, आपल्या माणसानं सांगितलं नाही. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. एवढ्या एका शब्दावर आमचं अडलं. अब्बा म्हणाले, "सोड नाद."

माझा वर्गमित्र म्हणाला, "सोडायचं नाही. कोतवाल बुक बघू." गाव नमुना १४. जुन्या काळी गावात कुणी जन्मलं, कुणी गेलं की त्याची नोंद कोतवाल ठेवायचा, आणि तिथं जात लिहायची पद्धत होती. आम्ही तीनदा हेलपाटे घातले. पहिल्यांदा साहेब रजेवर. दुसऱ्यांदा रजिस्टर सापडेना. तिसऱ्यांदा सापडलं, तर ते मोडीत. म्हणजे लिपी मोडी, आणि पानंही मोडायलाच आलेली. एक पेन्शनर आजोबा मोडी वाचून देतात, त्यांना अब्बा स्वतः स्कूटरवर घेऊन आले. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. १९३६ साल. माझ्या दादाजींच्या थोरल्या बहिणीचा जन्म. बापाचं नाव, आणि पुढं एक शब्द. ते म्हणाले, "पिंजारी."

मला सांगता येत नाही काय वाटलं. अब्बा बाहेर जाऊन उभे राहिले. पणजोबांचा घरात एक फोटो नाही, एक कागद नाही. आणि इथं कोल्हापूर संस्थानच्या काळातल्या एका कोतवालानं त्यांचं नाव, त्यांचं काम, त्यांच्या पोरीचा जन्म, सगळं नीट लिहून ठेवलेलं. गेली कित्येक वर्षं टीव्हीवर रोज कुणीतरी विचारतं, तुम्ही कुठले. आम्ही इथले. पान नंबर पण सांगते, हवा तर.

माझ्या मित्राची नोंद मात्र शेवटपर्यंत मिळाली नाही. त्यांच्या सगळ्या कागदांवर 'मराठा' असंच आहे. तो म्हणाला, "माझी शोधायला शिकलो आणि तुझी सापडली. वडापाव दे." घरी त्यानं हे सांगितलं तेव्हा काय बोलणं झालं ते त्यानं मला सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही. काही गोष्टी मैत्रीत विचारायच्या नसतात.

मग आम्ही चौघांनी दर शनिवारी लायब्ररीच्या व्हरांड्यात एक टेबल मांडायला सुरुवात केली. तो, मी, वर्गातली एक जैन मुलगी, आणि तो फी थकलेला बागवान. त्याच्याकडे चुलत आजोबांचा जुना दाखला निघाला, त्यावर चक्क 'मु. बागवान' लिहिलेलं. तो आता पुन्हा शिकतोय, एक वर्ष मागं आहे, पण शिकतोय. टेबलावर फक्त आपलीच मुलं येत नाहीत. धनगर येतात, लोहार येतात, गुरव येतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाला नॉन क्रीमी लेअर, कुणाला पडताळणी. कॉलेजनं परवानगी द्यायला दोन महिने लावले. त्यांना वाटलं संघटना आहे. आम्ही म्हटलं, सर, संघटना नाही, नुसतं टेबल आहे.

आपल्या समाजातूनही टोला बसला. गल्लीतले एक बुजुर्ग म्हणाले, "बेटी, इस्लाममध्ये जात नसते. हे काय जातीचे कागद काढत बसलीस?" मी म्हटलं, "बरोबर आहे चाचा, धर्मात नसते. पण परवा तुम्ही मुलाच्या लग्नासाठी बायोडाटा पाठवला, त्यात 'फक्त आपल्यातलीच' असं लिहिलंय, ते काय?" चाचा चांगले आहेत, हसले आणि निघून गेले. नंतर नातवाचे कागद घेऊन टेबलावर आले. याच गल्लीत उरुसाला वर्गणी दोन दिवसांत गोळा होते. फीसाठी डबा फिरवला तेव्हा पहिल्या महिन्यात सोळाशे रुपये आले. मी तक्रार करत नाही. आकडा सांगतेय.

कोल्हापुरात दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग आहे. १९०६ साली शाहू महाराजांनी मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली आणि तिचे अध्यक्ष स्वतः झाले. एक छत्रपती आमच्यातल्या पोरांच्या हजेरीची काळजी करत होता. दर २६ जूनला त्यांची जयंती असते, आपण सगळे स्टेटस ठेवतो. ते स्टेटस चांगलंच आहे. पण त्या माणसानं स्टेटस ठेवलं नव्हतं, खोल्या बांधल्या होत्या.

आता पुन्हा माझ्या मैत्रिणीकडे.

एक वर्ष ती घरात होती. गाड्यावरची फळं निवडायची, सासरचं स्थळ आलं की चहा घेऊन बाहेर यायची, आणि रात्री माझ्या नोट्स आणि जुन्या पुस्तकांतून सीईटीचा अभ्यास करायची. २०२४ ला तिनं सीईटी दिली. गुण बरे पडले. तिचे पण बागवानाचे कागद आम्ही काढले होते, पडताळणीची पावती हातात होती. आणि ८ जुलै २०२४ ला शासननिर्णय आला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ. फार्मसी त्यात बसत होतं. मी तो शासननिर्णय छापून घेतला आणि तिच्या अब्बांसमोर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "म्हणजे पैशाचं राहिलं नाही." मग म्हणाले, "बघू. रविवारी बोलू."

तो रविवार म्हणजे १४ जुलै. त्या दिवशी विशाळगडाच्या पायथ्याला गजापूरच्या मुसलमानवाडीत जमाव घुसला. घरं फोडली, मशीद फोडली. वाद गडावरच्या अतिक्रमणाचा होता, आणि मार खाल्ला गडाच्या खालच्या वाडीनं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर व्हिडिओ होते. उलटी पडलेली भांडी, फोडलेल्या गाड्या, रडणाऱ्या बाया. आम्ही ठरल्याप्रमाणे त्यांच्या घरी गेलो. तिच्या अब्बांनी आम्हाला बसवलं, केळी दिली. शासननिर्णयाचा कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला. एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी."

मी त्यांना दोष देऊ शकत नाही. मला राग येतो, पण दोष देता येत नाही. आठ जुलैला सरकारचा एक कागद तिला घराबाहेर काढायला आला आणि चौदा जुलैला दुसऱ्या कुणीतरी तिला परत आत ढकललं. ज्यांनी गजापुरात हातोडे चालवले त्यांना माझी मैत्रीण माहीत पण नाही. आपण फोडलेल्या घरांची यादी करतो, पंचनामा होतो, नुकसानभरपाईवर बोलतो. त्या यादीत तिचं नाव कुठं लिहायचं? तिच्या घराची एक काच फुटली नाही.

माझे बरेच मित्र अशा वेळी मला म्हणतात, कॉलेजात काही दिवस जाऊ नकोस, शांत होऊ दे. मी पण गजापूरनंतर चार दिवस गेले नव्हते. पाचव्या दिवशी गेले तर जैन मैत्रीण म्हणाली, "आलीस होय? आम्हाला वाटलं आमच्यावर चिडलीस." ती चार दिवस तेच धरून बसली होती. मी घरी घाबरून, ती वर्गात अवघडून. मी गेले नसते तर दोघींनीही आपापला अर्थ काढला असता आणि तो कायमचा राहिला असता. तेव्हापासून मी दांडी मारत नाही. ताप असला तरी. पंच्याहत्तर टक्के हजेरी विद्यापीठाला लागते, माझी ९४ आहे, आणि त्यातली उरलेली सहा पण बहुतेक एसटीमुळं गेली.

या वर्षी माझ्या मैत्रिणीनं सीईटी पुन्हा दिली. मागच्यापेक्षा जास्त गुण आहेत. पडताळणी प्रमाणपत्र आलंय. ऑनलाइन फॉर्म भरलाय, टेबलावरच्या त्या बागवान मुलानं स्वतः बसून भरला. तिनं पर्यायांत पाच कॉलेजं टाकलीत, त्यातली दोन एसटीनं रोज जाऊन येण्यासारखी आहेत. अम्मीनं तिच्या अम्मीला सांगून ठेवलंय, "पहिले पंधरा दिवस मी जाते तिच्यासंगं. माझी एक गोधडी अर्धी पडलीच आहे."

राहिले तिचे अब्बा. येत्या रविवारी आम्ही चौघं जाणार आहोत. माझा मराठा मित्र म्हणतो, मी पण येतो, त्यांनी मला बघितलेलं बरं. मी त्याला सांगितलंय की ते केळी देतील, ती खायची, आणि लगेच विषय काढायचा नाही. आधी गाड्याचं विचारायचं, आंब्याचा सीझन कसा गेला ते विचारायचं. मग मी कागद काढीन. या वेळी शासननिर्णय नाही नेणार, तो त्यांना पाठ आहे. एसटीचं वेळापत्रक नेणार आहे. सकाळी सात वाजून दहा मिनिटांची गाडी, त्याच गाडीला मी असते. मागून तिसरं बाक, खिडकीकडची जागा मी दोन वर्षं तिच्यासाठी धरते आणि रोज कुणीतरी येऊन बसतं.